बारा रकाने

धाकट्याच्या शाळांची यादी मी लॅपटॉपवर लावत बसले होते, तेव्हा आई तीनदा येऊन "झालं का?" विचारून गेली. बाबांनी एकदाच विचारलं, "यात कुणाची ओळख चालते का गं?"

चालत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरलाच. आपली इथे कुणाशी ओळख नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण चालते म्हटलं असतं, तर कुणाला तरी फोन लावता आला असता, कुणाच्या तरी घरी पेढे घेऊन जाता आलं असतं. बापाला करण्यासारखं काहीतरी उरलं असतं. इथे सगळा कारभार एका संकेतस्थळावर, आणि पासवर्ड माझ्याकडे. शिक्षण खात्याची पत्रकं बंगालीत मिळतात, उर्दूत मिळतात. मराठीतलं पत्रक म्हणजे मी.

आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहतो. मिरजेहून आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. धाकटा इथेच जन्मला, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. बाबा केनेडी विमानतळावर कार्गोच्या गोदामात रात्रपाळी करतात. आई दिवसा एका पाळणाघरात आणि संध्याकाळी घरच्या डब्यांत. २०२३ साली धाकटा आठवीत गेला आणि त्याच्या हायस्कूलचं बघायची जबाबदारी न बोलता, न ठरवता माझ्या अंगावर आली. पाहुण्यांना चहा आपणच टाकायचा असतो, तसंच काहीसं.

इथे दहावीचं बोर्ड नाही. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर शाळा ठरते. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने आधी शाळा पसंत केली आणि मग त्या हद्दीत बसेल असं घर शोधलं. शाळेचा प्रवेश म्हणजे तीस वर्षांचं कर्ज. न्यूयॉर्क शहरात निदान हायस्कूलपुरतं तसं नाही. चारशेच्या वर सरकारी हायस्कुलं, त्यांत सातशेच्या वर अभ्यासक्रम, आणि मुलाने त्यांतले बारा पसंतीक्रमाने लिहायचे. मिरजेची मामेबहीण म्हणाली, "मग आमच्या अकरावीच्या ऑनलाइनसारखंच की!" बरंचसं तसंच. फक्त तिच्याकडे टक्के होते. इथे कुठे मार्क, कुठे निबंध, कुठे वेगळी परीक्षा, कुठे नुसतं नशीब.

माझ्या वेळी हे बारा रकाने कागदावर होते. शाळेतून एक पुस्तक मिळायचं, फोनच्या डिरेक्टरीएवढं जाड. ते मी घरी आणलं आणि आईने त्यावर आठवडाभर इस्त्रीचे कपडे ठेवले. मला देशात येऊन तीन वर्षं झाली होती. मी तीन शाळा लिहिल्या, कारण मला तीनच ठाऊक होत्या. उरलेले नऊ रकाने कोरे. ज्या बाईंकडे फॉर्म द्यायचा होता त्यांनी तो घेतला, सही बघितली आणि गठ्ठ्यावर ठेवला. "बाळ, बाकीचे का नाही भरलेस?" एवढं एक वाक्य. ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांच्याकडे तेव्हा शेकड्याने मुलं असतील, हे आता कळतं. कळलं म्हणून राग गेलाय असं नाही.

मिळालेली शाळा वाईट नव्हती. मोठी होती, सकाळी दारातून आत जायला वीस मिनिटं लागायची, आणि बारावीत मला हवा होता तो कॅल्क्युलसचा वर्ग पुरेशी मुलं नाहीत म्हणून भरलाच नाही. पुढे माझं चांगलं झालं. हिशेबनीस म्हणून नोकरी आहे, हिशेब नीट लागतात. पण धाकट्याचा फॉर्म हातात आला तेव्हा मी त्याच्या रकान्यांत आधी माझेच नऊ भरायला घेतले, हे मला फार उशिरा कळलं.

*

पहिली वाट अर्थातच परीक्षेच्या शाळांची. स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक. इतर शहरांत ज्यांना मॅग्नेट म्हणतात त्या जातीच्या, पण यांचा प्रवेश १९७१ च्या राज्य कायद्याने एकाच परीक्षेला बांधलेला. आता अशा आठ शाळा आहेत. तीन तास, एकशे चौदा प्रश्न, निम्मे इंग्रजी, निम्मे गणित. आठवीपर्यंतचे मार्क बघत नाहीत, शिक्षकांचं पत्र बघत नाहीत. त्या वर्षी सव्वीस हजारांच्या आसपास मुलं बसली आणि चार हजारांच्या आसपास जागा.

धाकट्याला मी शनिवार-रविवारच्या क्लासला घातलं. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर क्लास. जिन्यात पावाचा वास आणि वर ट्यूबलाइट. त्याला सोडायला जायचे तेव्हा बाकड्यांवरचे चेहरे दिसायचे: बंगाली, चिनी, पंजाबी, तिबेटी. २०१९ साली स्टायव्हसंटने ८९५ मुलांना जागा दिल्या, त्यांत कृष्णवर्णीय मुलं सात होती. सातशे नव्हे, सात. हा आकडा मला त्या जिन्यात हटकून आठवायचा. मॅग्नेट शाळांची कल्पनाच मुळात उलटी होती. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला १९५४ साली, पण गोऱ्या आणि काळ्या वस्त्या वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. मग बळजबरीने मुलांना बसमधून इकडून तिकडे नेण्यापेक्षा शाळाच अशी करा की सगळीकडची मुलं आपण होऊन येतील, असा विचार निघाला. १९६८ मध्ये टकोमा शहरात तशी पहिली शाळा झाली. लोहचुंबकासारखी ओढून घेणारी, म्हणून पुढे नाव मॅग्नेट. आमच्या शहरातला चुंबक मात्र क्लासची फी भरलेल्यांना आधी ओढतो. हे मला पटत नाही, आणि फी मी वेळेवर भरली. तीन हप्त्यांत.

दुसरी वाट चार्टरची. सरकारी पैसा, पण कारभार खाजगी मंडळाचा. न्यूयॉर्क राज्यात याचा कायदा १९९८ चा. त्यांचा अर्ज आमच्या बारा रकान्यांच्या बाहेर, वेगळा, आणि प्रवेश सोडतीने. 'सोडत' म्हटल्याबरोबर आईला सगळं समजलं. ठाण्याच्या मावशीने म्हाडाचे किती फॉर्म भरले याचा इतिहास तिने मला पुन्हा ऐकवला. एक चार्टर आम्ही बघूनही आलो. मुलांना टाय, रांगेत चालणं, भिंतींवर कॉलेजांचे झेंडे. आई हरखून गेली. तिच्या मते युनिफॉर्म असलेली शाळा हीच शाळा. बाकी सगळं म्हणजे मुलं घरच्या कपड्यांत फिरायला आलेली. धाकटा बाहेर येईपर्यंत काही बोलला नाही, आणि गाडीत म्हणाला, "आई, तिथे कोणी हसतच नव्हतं." चार्टरचा विषय तिथे मिटला. हे काही चार्टरचं मूल्यमापन नव्हे. एका मंगळवारी, एका शाळेत, एका मुलाला जे वाटलं ते.

मला स्वतःला आवडली ती फ्लशिंगची टाउनसेंड हॅरिस. क्वीन्स कॉलेजच्या आवारात, मुलांना लॅटिन किंवा ग्रीक शिकवणारी. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क जुन्या टाउनसेंड हॅरिसचे विद्यार्थी. ती शाळा १९४२ मध्ये बंद पडली आणि १९८४ मध्ये पुन्हा उघडली. बारावीची मुलं कॉलेजात जाऊन वर्ग करतात, हे ऐकलं आणि मी तिथेच ठरवून टाकलं. कॅल्क्युलस हुकलेली मुलगी दुसरं काय ठरवणार?

*

धाकट्याचं वेगळंच होतं. आमच्या घरावरून लाग्वार्डियाला उतरणारी विमानं जातात. उन्हाळ्यात खिडकी उघडी असली की फोनवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. आम्हाला तो आवाज म्हणजे त्रास, आणि हा पाळण्यात असल्यापासून आवाजाकडे मान वळवणारा. सातव्या वर्षी आवाजावरून विमान ओळखायचा. तेराव्या वर्षी त्याने मला सांगितलं की त्याला एव्हिएशन हायस्कूलला जायचंय.

हीही सरकारीच शाळा, लाँग आयलंड सिटीत. आमच्या स्टेशनवरून सात नंबरच्या गाडीने सहा थांबे. तिथे नेहमीच्या विषयांबरोबर विमानांची दुरुस्ती शिकवतात आणि पुढे केंद्र सरकारच्या परीक्षा देऊन मुलं विमान मेकॅनिकचं लायसन्स मिळवू शकतात.

बाबा म्हणाले, "म्हणजे आयटीआयच की."

मी म्हटलं, तसं नाही, कॉलेजलाही जाता येतं. पण मी ते ज्या घाईने म्हटलं त्यावरून माझ्याही मनात आयटीआयच होतं. आमचे काका मिरजेच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम काळ्या. लग्नकार्यात ते पंगतीत शेवटी बसायचे, हात लपवल्यासारखे. त्या घरातून निघून, समुद्र ओलांडून, विमानाच्या पोटात रात्रभर खोकी भरून बाबांनी काय मिळवलं, तर मुलगा पुन्हा पाना हातात घेणार? बाबा हे बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "विमानापाशी उभं राहायला मी आहे ना घरात एक."

तरी शाळा बघायला ते आले. रात्रपाळी करून, न झोपता. आत हँगर आहे, खरा, आणि त्यात खरी विमानं उभी. एका टेबलाशी निळ्या कपड्यातला अकरावीचा मुलगा धाकट्यासारख्यांना लॉकवायर शिकवत होता. इंजिनाचे बोल्ट थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून दोन बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवायची आणि तिला पीळ देत अशी आवळायची की एक बोल्ट सुटायला लागला तर दुसरा घट्ट व्हावा. धाकट्याचा पहिला पीळ सैल झाला. मुलाने कटरने तार कापली आणि नवी दिली. दुसऱ्या वेळी तार उलट्या बाजूने ओवली गेली, पुन्हा कापली. तिसऱ्यांदा त्याने जीभ दातांत धरून पीळ दिला आणि तो मुलगा तारेवरून नख फिरवत म्हणाला, "चालेल."

गणितात नव्वदच्या वर मार्क पडतात तेव्हाही धाकट्याचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. बाबा तिथे नव्हते. शोधलं तर एका लहान विमानाच्या पंखाखाली उभे राहून रिव्हेटच्या ओळीवरून बोट फिरवत होते.

*

आता ही यादी लावायची पद्धत. २००३ पर्यंत इथे पाचच शाळा लिहिता यायच्या आणि तुम्ही कुणाला कितवा नंबर दिलाय हे शाळांना दिसायचं. त्यामुळे मनातली शाळा पहिली लिहावी की मिळण्यासारखी लिहावी, याचा जुगार घराघरांत चालायचा. दरवर्षी तीस हजारांच्या वर मुलांना त्यांनी न लिहिलेल्या शाळेत ढकललं जाई. मग अल्विन रॉथ आणि त्यांच्याबरोबर अतिला अब्दुलकादिरोग्लू, पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी नवी पद्धत बसवली आणि पहिल्याच वर्षी तो आकडा तीन हजारांच्या आसपास आला. रॉथना २०१२ चं नोबेल मिळालं.

"पाठक?" बाबा उठून बसले. "म्हणजे आपलेच!"

नाही बाबा, त्यांचे आईवडील नेपाळचे. पण त्या नावाने बाबांचा त्या पद्धतीवर विश्वास बसला तो बसलाच. शेवटी एक ओळख निघाली म्हणायची.

पद्धतीचं मूळ १९६२ सालच्या एका गणितात आहे, आणि ते गणित चक्क लग्नं जुळवण्याचं. आईला मी ते वधूवर सूचक मंडळासारखं समजावलं. प्रत्येक मुलगा आधी पहिल्या पसंतीच्या दारात जातो. शाळा होकार देते, पण कच्चा. पुढे तिच्या निकषात जास्त बसणारं कुणी आलं तर पहिल्याला सोडते. सुटलेला मुलगा दुसऱ्या पसंतीकडे जातो, आणि तिथे तो उशिरा आला म्हणून मागे पडत नाही. सगळे स्थिरावले की कच्चे होकार पक्के. "आणि साखरपुडा मोडल्याचं कुणी मनाला लावून घेत नाही?" आईने विचारलं. कॉम्प्युटर आहे, नाही लावून घेत.

बरोबरीत असलेल्यांसाठी प्रत्येक मुलाला एक सोडतीचा क्रमांक मिळतो. बत्तीस अक्षरांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांची खिचडी. पहिली दोन अक्षरं वाचायला आली की आपण कुठे आहोत ते कळतं. आमचा सुरू होत होता बी-सातने. ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा. मी कागदावर हिशेब केला: अकरा गुणिले सोळा, अधिक सात, भागिले दोनशे छपन्न. म्हणजे शंभरातली एकाहत्तर मुलं पुढे. आई म्हणाली, पत्रिकेत मंगळ निघाला म्हण.

या पद्धतीतली मला भावलेली गोष्ट अशी की इथे डावपेच चालत नाहीत. खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिली तर तुमचं नुकसान होत नाही. स्वप्नातली शाळा पहिली लिहिली म्हणून दुसरीतली संधी घटत नाही. खरं बोलणाऱ्याचा तोटा होणार नाही असं यंत्र माणसांनी बसून बनवलंय, आणि तेही सरकारी खात्यासाठी. मी हिशेबनीस आहे, मला हे देवळातल्या घंटेसारखं वाटलं.

फक्त खरं कुणाचं, हे ते यंत्र विचारत नाही.

मुदतीच्या आदल्या रात्री यादी तयार होती. पहिल्या नंबरावर एव्हिएशन, धाकट्याने स्वतः ठेवलेली. दुसऱ्यावर टाउनसेंड हॅरिस. सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. त्या पानावर शाळेचं नाव बोटाने धरून वरखाली सरकवता येतं, पत्ते लावावेत तसं. मी एव्हिएशन धरली आणि चौथ्या जागी सोडली. आवाज काही झाला नाही. मग मी सिंकमधली दोन भांडी घासली, जी सकाळी घासली असती तरी चाललं असतं.

सकाळी तो दूध पिताना फोन बघत होता. पासवर्ड त्यालाही ठाऊक होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ताई, तू माझं लिस्ट बदललंस?"

"माझी लिस्ट," मी म्हटलं. सवयीने. त्याचं मराठी सुधारायची ती वेळ नव्हती.

"का?"

"तुझ्या भल्यासाठी" हे शब्द ओठांवर आले आणि मी ते बोललेसुद्धा. माझा आवाज मला आईसारखा ऐकू आला, आणि आईचाही नव्हे, मिरजेच्या आजीचा. त्याने आरडाओरडा केला नाही. ग्लास विसळला, पालथा घातला, दप्तर उचललं आणि दारातून म्हणाला, "तुला आवडलं ना ते स्कूल? मग तू जा."

दिवसभर ऑफिसात मी एका गिऱ्हाइकाचे आकडे दोनदा चुकवले. जेवणाच्या सुट्टीत फोनवरच यादी उघडली. लहान पडद्यावर बोट नीट बसत नव्हतं. एव्हिएशन आधी तिसऱ्यावर अडकली, मग दुसऱ्यावर, मग वर गेली. त्याला काही कळवलं नाही. बघणारच होता तो.

*

परीक्षेच्या शाळांतली एकही मिळाली नाही. थोडक्यात हुकलं, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, हेही मी आईला सांगितलं नाही. मार्चमध्ये एव्हिएशनचं पत्र आलं. बाबांनी पेढे आणले, आणि ते द्यायला कुणी नसल्याने आम्हीच खाल्ले.

सप्टेंबर २०२४ पासून तो जातोय. त्या वर्षी मुलांचे जुने मेट्रोकार्ड जाऊन नवे ओम्नी कार्ड आले, दिवसाला चार फेऱ्या, वर्षभर. दोन फेऱ्यांत शाळा होते. उरलेल्या दोनांत तो कुठे जातो हे मी विचारत नाही. अभ्यास कठीण आहे, कधीकधी कंटाळतो. एकदा म्हणाला की त्याचा मित्र टाउनसेंड हॅरिसला ग्रीक शिकतोय, आणि ते भारी आहे. मी चहा ढवळत राहिले.

मागच्या महिन्यात आईच्या कुकरची मूठ ढिली झाली. स्क्रू बसेना. धाकट्याने दप्तरातून तार काढली, मुठीतून आणि खालच्या कडीतून ओवली आणि पीळ दिला. रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बाबांनी स्वतः उठून कुकर आणला आणि फोनसमोर धरला.

"जवळ घे," काका म्हणाले. चष्मा वर सरकवून त्यांनी बराच वेळ बघितलं. "पाने इंचातले का मिलिमीटरचे तुमच्याकडे?"

"इंचातले, काका."

"हं. पीळ चांगला आहे. एकसारखा आहे." मग त्यांनी तिकडून पडद्यावर बोट ठेवलं, आपलंच, काळ्या कडांचं. "पण ते शेवटचं टोक तसं ठेवू नको, आत दाब. आईचं बोट फाडेल."